आईचे दीड तास

५ मार्च

दादा,

तू पोहोचल्याचा निरोप मिळाला. विमानातलं जेवण बरं होतं हेही समजलं.

पत्र अशासाठी लिहिते की फोनवर मी एक वाक्य जुळवेपर्यंत तुझी चार होऊन जातात आणि पाचव्यात तू "चल, ठेवतो" म्हणतोस. ईमेल तू मीटिंगमध्ये टेबलाखाली वाचतोस, हे तूच कौतुकाने सांगितलं होतंस. पाकीट निदान फोडावं लागतं.

तू आलास तेव्हा सगळं आटोपलं होतं. वरातीमागून घोडं म्हणतात, पण घोडं निदान धापा टाकत येतं. तू दाढी करून आला होतास. शेजाऱ्यांसमोर रडलास, चांगला रडलास. खालच्या मजल्यावरच्या इस्त्रीवाल्या मावशी अजून सांगतात, मुलगा किती हळवा आहे म्हणून. मी रडले नाही, त्यामुळे माझ्याबद्दल त्यांना शंका आहे.

इथे होतास तेवढ्या दिवसांत आईच्या शेवटच्या आठवड्याबद्दल तू एकदाही विचारलं नाहीस. न विचारता सांगते.

आई शुद्धीवर होती. रोज सकाळी नर्सला सांगायची, "माझा मुलगा दीड तासावर आहे. सकाळी निघाला की जेवायच्या आत येतो." पाळी बदलून दुसरी नर्स आली की तिलाही सांगायची. दुपारचं ताट आलं की झाकून ठेवायला लावायची. "थांब जरा, येईल इतक्यात, दोघं मिळून खाऊ." पहिल्या दिवशी नर्सने मला बाजूला घेऊन विचारलं, "इतके जवळ आहेत तर कळवलंय ना त्यांना?" मी हो म्हटलं. दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही, माझ्याकडे नुसतं पाहिलं. आपल्या घरात काय चाललं असेल याचा तिने तिच्यापुरता अंदाज बांधला होता.

हे दीड तास कुठून आले ते तुला पक्कं माहीत आहे. नऊ वर्षांपूर्वी तू तिकडून पहिल्यांदा घरी आलास तेव्हा तुझं तिकीट आईच्या हाती लागलं. तुझ्याकडून निघायचं दहाला, इथे पोहोचायचं साडेअकराला. आईने जन्मभर लोकांच्या खिडक्यांचे पडदे शिवले. टेपवर जिथे सुरू झालं आणि जिथे संपलं ते दोन आकडे बघायचे, वजा करायचे, माप तयार. तिने तिकिटालाही टेप लावली. तुमचं घड्याळ आमच्या पाच तास पुढे चालतं, दहाचा आकडा तिकडचा आणि साडेअकराचा इकडचा, हे तिच्या टेपेत बसलं नाही. तुझ्या परतीच्या तिकिटावर सकाळी आठ ते संध्याकाळी साडेसात दिसलं तेव्हा म्हणाली, "माहेरच्या वाटेसारखं आहे. येताना जवळ, जाताना लांब." म्हणून ती कधी तुझ्याकडे आली नाही. "आम्हाला लांब पडतं. तुला जवळ आहे, तूच ये." तुलाही ते सोयीचं पडलं. नऊ वर्षांत आईबापांना या म्हणायची वेळच आली नाही.

उड्डाण साडेसहा तासांचं आहे. अंतर पाच हजार किलोमीटर. तू हे तिला एका वाक्यात सांगू शकला असतास. तुला त्यात गंमत वाटली. दर फोनला तिला म्हणायचास, "आई, हाक मार, दीड तासात हजर."

तिने हाक मारली. साडेसहा तासांवरून न आलेल्या मुलाला तिने माफ केलं असतं, स्वभावच तसा होता. दीड तासावरून न आलेल्याचं काय करायचं ते तिला कळेना. शेवटच्या दिवशी तिने ताट झाकून ठेवायला सांगितलं नाही.

तुला काही कळवायचं राहिलं नाही.

घुमी


१६ मार्च

प्रिय घुमे,

पत्र मिळालं. एवढे शब्द तू गेल्या नऊ वर्षांत मिळून माझ्याशी बोलली नसशील, त्यामुळे जाडजूड पाकीट बघून आधी आनंद झाला. मग वाचलं.

तू दुःखात आहेस, म्हणून मी काही मनाला लावून घेत नाही. पण माझी बाजूही ऐक. त्याच आठवड्यात आमचं प्रदर्शन होतं, ते वर्षातून एकदाच असतं. आमची कंपनी ऑफिससाठी खुर्च्या विकते, तिचं अख्खं वर्ष त्यावर ठरतं. स्टॉलवर मी नसलो की बाकीची मंडळी ग्राहकाच्या हातात कॅटलॉग देऊन मोकळी होतात. आणि फोनवर तू म्हणालीस "बरं नाही". तू सर्दीलाही बरं नाही म्हणतेस. मी काय समजायचं?

उड्डाण साडेसहा तासांचं खरं, पण दोन शहरांमधलं अंतर विमान कापतं तेवढंच नसतं. आधी विमानतळापर्यंतचा रस्ता, मग तिथल्या रांगा, उतरल्यावर सामानाची वाट बघणं, पुन्हा रस्ता. अख्खा दिवस जातो. घड्याळ मागेपुढे झाल्यामुळे दुसऱ्या दिवशी डोकं चालत नाही, म्हणजे तोही गेला. घरी बसलेल्या माणसाला हे कळत नाही, त्यात त्याचा दोष नाही.

आईच्या दीड तासाबद्दल म्हणशील तर त्यात तिला सुख होतं. मुलगा हाकेच्या अंतरावर आहे असं समजून ती नऊ वर्षं शांत झोपली. ते मोडून मी काय मिळवलं असतं? आणि तुला एवढं वाटत होतं तर तू का नाही सांगितलंस?

असो. गेलेलं परत येत नाही, हातात आहे ते बघू. मी तिथे असताना एक दिवस तू लॅबमध्ये गेली होतीस तेव्हा बाबांशी बोललो. कानापाशी तोंड नेऊन दोनदा विचारलं, "माझ्याकडे चला राहायला." म्हणाले, "दीडच तास तर आहे." म्हणजे तयार आहेत. वीस मेचं तिकीट काढलं आहे, सध्या फक्त येण्याचं. विमानतळावर चाकाची खुर्ची, मदतीला माणूस, सगळी व्यवस्था केली आहे. खोली छान आहे. तळमजल्यावर, खिडकीबाहेर हिरवळ, लिफ्टची भानगड नाही. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लिफ्ट दुरुस्त केल्या, म्हातारपणी निदान जमिनीवर राहू देत.

एकच विनंती. त्यांना तासांचं गणित समजावत बसू नकोस. दीड तास समजून ते आनंदाने निघतील. विमानात बसले की झोप लागेल. उतरतील तेव्हा काय फरक पडतो?

वहिनी तुझी आठवण काढते.

तुझा दादा


२७ मार्च

दादा,

तू अकराव्या मजल्यावर राहतोस. घर घेतलंस तेव्हा बाल्कनीतून काढलेला फोटो पाठवला होतास, खाली गाड्या काडेपेटीएवढ्या दिसतात. आईने तो शिवणयंत्रासमोरच्या भिंतीवर लावला होता, अजून आहे. मग ही तळमजल्यावरची खोली कोणाची?

उत्तर लिहिण्याआधी जरा थांब. खोटं बोलायचं तर माणसाने स्वतःच्या घराचा मजला तरी लक्षात ठेवावा.

मी का नाही सांगितलं विचारतोस. सांगितलं होतं. हॉस्पिटलमध्ये, कागदावर दोन घड्याळं काढून, एक तुझं आणि एक आपलं. आईने कागद नीट पाहिला आणि म्हणाली, "तू त्याला लहानपणापासून लांबच ढकलतेस." माझ्या तोंडून आलेलं तुझं अंतर तिला मत्सर वाटायचा. ते तुझ्याच तोंडून यायला हवं होतं. तुझ्या तोंडून बाकी सगळं आलं.

फोनवर माझे शब्द असे होते: "आईला बरं नाही, डॉक्टर म्हणतात मुलाला बोलावून घ्या." तू पहिले तीन शब्द घेतलेस आणि बाकीचे स्टॉलवर ठेवून दिलेस.

अख्खा दिवस जातो, हे वाचलं. माझ्या लॅबमध्ये एका कवळीला अख्खा दिवस जातो. साचा ओतायचा, मेणात दात बसवायचे, चावून पाहिल्यासारखं पुन्हा पुन्हा जुळवायचं, शिजवायचं, घासायचं. ती जाते एखाद्या अनोळखी माणसाच्या तोंडात. मी त्याचं तोंडसुद्धा पाहिलेलं नसतं. तुला आईसाठी एका कवळीएवढा दिवस काढता आला नाही, आणि वर तो किती मौल्यवान होता ते मला समजावतोस.

तुझ्या व्यवस्थांबद्दल काय लिहू. उंटावरून शेळ्या हाकणारे खूप पाहिले, विमानातून हाकणारा घरातच निघाला. "उतरतील तेव्हा काय फरक पडतो." असं सामानाबद्दल लिहितात. सामानाबद्दलही, आत काही फुटणारं नसेल तरच.

खोली कोणाची ते लिही.

घुमी


८ एप्रिल

घुमे,

ठीक आहे. लपवायचं नव्हतं, वेळ आल्यावर सांगणार होतो.

खोली ज्येष्ठांच्या एका निवासात आहे. वृद्धाश्रम म्हणू नकोस. तो शब्द काढला की लोकांच्या डोळ्यांसमोर पत्र्याचं छप्पर आणि रांगेत बसलेले केविलवाणे चेहरे येतात. इथे तसं काही नाही. चोवीस तास डॉक्टर, बाग, वाचनालय, बुद्धिबळ. तिथल्या खुर्च्या आमच्या कंपनीनेच पुरवल्या आहेत, म्हणून मी सगळं आतून पाहिलं आहे. पाठीला आधार उत्तम आहे.

आमच्या घरी खोल्या दोनच. मी सकाळी आठला बाहेर पडतो. वहिनीचं घरून काम असतं तेव्हा तिला शांतता लागते आणि बाबा रेडिओ केवढ्याने लावतात ते तुला माहीत आहे. ती वाईट नाही, पण तिच्यावर किती टाकायचं? निवास आमच्या घरापासून गाडीने वीस मिनिटांवर आहे. दर रविवारी जाईन. मनात आलं तर मध्येही. तुझ्याकडे राहून त्यांना मुलगा दोन वर्षांतून एकदा भेटतो, इथे आठवड्याला भेटेल. हे तुझ्या गणितात कुठे बसत नाही का?

आता तुझं. इस्त्रीवाल्या मावशींशी माझं फोनवर बोलणं होत असतं. त्या तुझ्यासारख्या घुम्या नाहीत. गेल्या महिन्यात बाबा समोरच्या इमारतीच्या गच्चीवर लिफ्टच्या मशीनच्या खोलीत शिरले, दार बंद झालं, दिवसभर आत अडकून पडले. शेवटी अग्निशामक दलाने दार तोडलं. हे मला मावशींकडून कळावं? मला मजले मोजायला शिकवतेस आणि बाप गच्चीवर कोंडला गेला ते लपवतेस. तू सहाला घरी येतेस. तोपर्यंत त्यांच्याकडे कोण बघतं, आईचं शिवणयंत्र?

तुला मी आवडत नाही. चालेल. पण माझ्यावरचा राग त्यांच्या पायात साखळीसारखा घालू नकोस.

दादा


१९ एप्रिल

दादा,

हो, सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू जे केलंस तेच केलं असतंस, फक्त थोडं आधी.

समोरच्या इमारतीची लिफ्ट बंद पडली होती आणि कंपनीचा माणूस आज येतो उद्या येतो करत होता. तिथल्या वरच्या मजल्यावरच्या बाईंनी बाबांना सहज विचारलं, "तुम्हाला काही कळतंय का बघा." आई गेल्यापासून बाबांना कोणी काही विचारलं नव्हतं. ते हत्यारांची पेटी घेऊन गेले. लिफ्ट चालू केली. मग वाऱ्याने दार लागलं, आतून उघडायची सोय नव्हती. त्यांनी हाका मारल्या, पण कोणी उत्तर दिलं तरी यांना कुठे ऐकू येणार, म्हणून थोड्या वेळाने थांबले आणि पेटीवर बसून राहिले. खाली लिफ्ट दिवसभर चालू होती. लोक वरखाली करत होते आणि बरं झालं म्हणत होते. बाहेर काढल्यावर बाबा मला म्हणाले, "खोली स्वच्छ ठेवली आहे त्यांनी." एवढंच.

तेव्हापासून मी दुपारी लॅबमधून मावशींना फोन करते, बाबा खिडकीत दिसतात का बघायला सांगते. त्या बघतात आणि मग तुला कळवतात. कोण बघतं, हा तुझा प्रश्न बरोबर आहे. बरोबर प्रश्न विचारणारा माणूस चांगला असतोच असं नाही.

ज्येष्ठांचा निवास. वाचनालय. पाठीला आधार. तुझं पत्र वाचून मला वाटलं तू मला एक खुर्ची विकतो आहेस. तुमचा माल जिथे गेला तिथेच बापही पाठवायचा, चांगली पद्धत आहे, गिऱ्हाईक ओळखीचं असतं.

रविवारचं बोलू नकोस. रविवारी फोन करतो म्हणायचास. आई रविवारी यंत्र बंद ठेवायची, घरघरीत फोनची बेल ऐकू येणार नाही म्हणून. कोणाचे पडदे अडले तरी सांगायची, आज नाही. तू बुधवारी फोन करायचास, गाडी चालवता चालवता. मध्येच दुसऱ्या गाडीवाल्याला शिव्या द्यायचास आणि आई इकडे "काय रे, मला म्हणालास का?" म्हणून हसायची.

मी बाबांना सगळं सांगणार आहे. कानापाशी ओरडून सांगितलं तर सगळ्या इमारतीला कळेल, म्हणून कागदावर लिहून ठेवलं आहे. साडेसहा तास. पाच हजार किलोमीटर. त्याच्या घरी नाही, वृद्धाश्रमात. तिकीट फक्त जाण्याचं. सकाळच्या चहाबरोबर हातात देते. तुला हे पत्र मिळेल तेव्हा चहा पिऊन झालेला असेल. मुद्दामच तसं केलं आहे.

घुमी


२६ एप्रिल

चि. थोरला आणि चि. घुमी यांस,

खाली कार्बन कागद घातला आहे. एकच पत्र दोघांना. वरची प्रत थोरल्याला, टपाल लांबचं आहे म्हणून. खालची घुमीला, ती स्वयंपाकघरात आहे. लिफ्टच्या कामाचा अहवाल आम्ही असाच लिहायचो, एक प्रत इमारतीला, एक कंपनीला. म्हणजे मागाहून कोणी म्हणायला नको की मला वेगळं सांगितलं होतं.

घुमीने चहाबरोबर कागद दिला. त्यातलं वृद्धाश्रमाचं तेवढं नवीन होतं. विमानाचं नवीन नव्हतं. घड्याळ मला कळतं. पहिल्या वेळीच मी तुमच्या आईला म्हणालो होतो की हे दीड तास नव्हेत. ती म्हणाली, "तिकिटावर छापलेलं चूक आणि तुम्ही तेवढे बरोबर." मापाच्या बाबतीत तिच्याशी वाद घालून मी कधी जिंकलो नाही. सोडून दिलं.

थोरल्या, तू कानात ओरडलास तेव्हा मी "दीडच तास तर आहे" म्हणालो. ते तुला उत्तर नव्हतं. ती रोज म्हणायची. आता घरात कोणी म्हणत नाही, म्हणून मी म्हटलं. तू जाऊन तिकीट काढलंस. म्हातारा गळाला लागला असं तुला वाटलं. फसवलंस याचं एवढं नाही. बापाला फसवायचं तर थोडी तरी मेहनत घ्यायची होतीस, त्याचं वाईट वाटलं.

घुमे, तू बोलत नाहीस आणि मला ऐकू येत नाही, त्यामुळे आपलं चांगलं जमतं असा तुझा समज आहे. तू जेवताना समोर बसून मनातल्या मनात भावाला बोलत असतेस. जबडा हलतो तुझा. रोज. आई गेली त्या दिवसापासून या घरात तिच्याबद्दल कोणी काही बोललेलं नाही, सगळं त्याच्याबद्दल चाललं आहे, आणि तो इथे नाही. त्या मशीनच्या खोलीत दिवसभर बसलो होतो तेव्हा मला या टेबलापेक्षा बरं वाटत होतं. हे वाचून तुला लागेल. लागावं असं मला वाटत नाही, पण कार्बन घातला आहे, खोडता येत नाही.

तर ठरलं ते असं. वीस मेला मी जातो. थोरल्याच्या घरी नाही, त्या तळमजल्यावर. सुनेला सांग, रेडिओची काळजी नको. साडेसहा तास मला बसता येतं, दोन मजल्यांच्या मध्ये मी त्याहून जास्त वेळ उभा राहिलेलो आहे. नाही करमलं तर परतीचं तिकीट माझं मी काढीन. पेन्शन माझी आहे.

का जातो तेही लिहितो, नाहीतर दोघंही आपापल्या सोयीचं कारण लावाल.

थोरल्या, आई गेली तेव्हा तू लांब होतास. पाच हजार किलोमीटर म्हणजे खरंच लांब. त्यावर मी भांडणार नाही, घुमीला भांडू दे. पण लांबच्या माणसाचं काही नक्की कळत नाही. त्याला येता येत नव्हतं की त्याला यायचंच नव्हतं, इथून दोन्ही सारखंच दिसतं. तुझ्या आईला ते कळलं नाही. मलाही कळलेलं नाही. आता मध्ये वीस मिनिटं राहतील. तेवढ्यातून स्पष्ट दिसेल. मला ते बघून घ्यायचं आहे.

बाबा


२३ मे

दादा,

बाबा पोहोचल्याचं तू मावशींना कळवलंस, त्यांनी मला सांगितलं.

विमानतळावर काउंटरवरच्या मुलीने तू सांगितलेली चाकाची खुर्ची पुढे आणली. बाबांनी तिच्यावर हत्यारांची पेटी ठेवली आणि स्वतः चालत गेले. पेटी आत नेता येणार नाही म्हटल्यावर म्हणाले, "पाने आहेत, बाँब नाही." त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही, बाकी सगळ्यांना आला. मग तिघांनी मिळून पेटी उघडून पाहिली. बाबांनी त्यांना एकेक पाना काढून कशाचा आहे ते समजावलं. मागे रांग थांबली होती. शेवटी पेटी सामानात गेली. मला म्हणाले, "जेवताना रेडिओ लावत जा." मी लावते.

त्यांचं पत्र तुझ्याकडे आहे तेच माझ्याकडे आहे. माझ्याबद्दल लिहिलं ते खरं असेल. म्हणून तुझ्याबद्दल लिहिलेलं खोटं होत नाही.

आईचं शेवटचं काम शिवणयंत्राखाली दुमडलेलं सापडलं, एका दवाखान्याचे पडदे. एका पडद्याची खालची दुमड राहिली होती, ती घालून परवा देऊन आले. दवाखान्याच्या बाई म्हणाल्या, "त्या नेहमी चार बोटं कापड जास्त सोडायच्या." मला हे माहीत नव्हतं. हे तुला सांगायची गरज नव्हती. पण बाबा गेल्यावर घरात हे कोणाला सांगणार होते.

तुला सूचना देत नाही. तू व्यवस्था करणारा माणूस आहेस. एकच गोष्ट, बाबांनीच सांगितलेली: तू त्यांच्या उजव्या कानात ओरडला होतास. थोडंफार ऐकू येतं ते डाव्याने. तुझं बोलणं त्यांनी अंदाजानेच ओळखलं असेल.

घुमी


२१ जुलै

घुमे,

बरेच दिवस लिहिलं नाही. आज लिहितो कारण हे दुसऱ्या कोणाला सांगितलं तर हसेल. तू हसणार नाहीस, तू हसतच नाहीस.

बाबा बरे आहेत. मावशींना सांग, मजेत आहेत. निवासाच्या स्वयंपाकघरातून वर जेवण नेणारी एक छोटी लिफ्ट आहे, ती कधीची बंद होती, बाबांनी चालू केली. आता व्यवस्थापक त्यांना विचारल्याशिवाय एक स्क्रू फिरवत नाही. दोन म्हातारे पाने हातात धरून त्यांच्यामागे फिरतात. त्यातला एक पूर्वी न्यायाधीश होता. आईबद्दल सगळ्यांना सांगून झालं आहे. पडद्यांचं, ताटाचं, सगळं. माझी ओळख करून द्यायला गेलो की लोक म्हणतात, "हो, हो, तुमच्याबद्दल ऐकलंय," आणि पुढे काही बोलत नाहीत.

पहिल्या रविवारी गेलो होतो. दुसऱ्या रविवारी पुलाचं काम चालू होतं. तिसऱ्याला कंपनीचं जेवण होतं, वहिनीलाही यायला सांगितलं होतं, टाळता येण्यासारखं नव्हतं. पुढच्या रविवारी गेलो तेव्हा बाबा व्हरांड्यात आमच्याच एका खुर्चीत बसले होते. मी डाव्या कानाशी जाऊन म्हटलं, "पूल बंद होता, बाबा." त्यांनी मान हलवली. मी बोलणी खायची तयारी करून गेलो होतो, ती तशीच परत घेऊन आलो.

तेव्हापासून एकही रविवार चुकवलेला नाही. तुला खोटं वाटेल, तरी लिहितो. मी जातो, बसतो. ते पेपर वाचतात. चहा येतो. मी कामाचं काही सांगतो, ते कान पुढे करत नाहीत. काही विचारलं तर उत्तर देतात, नीट देतात, परक्याला देतात तसं. आईबद्दल मी एकदा विचारलं. म्हणाले, "ते घुमीला माहीत आहे."

अर्धा तास झाला की मी उठतो. तेव्हा ते पेपर खाली घेतात, आणि अख्ख्या व्हरांड्याला ऐकू जाईल अशा आवाजात, अगदी काळजीने विचारतात, "निघालास? लांब जायचंय का?"

दर रविवारी हेच. पहिल्यांदा मी हसलो. दुसऱ्यांदा म्हटलं, "नाही बाबा, इथेच तर." त्यांनी मान हलवली आणि पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. तो न्यायाधीश आता मला बसायला जागा करून देतो, पाणी पुढे करतो, प्रवासातून आलेल्या माणसाला करतात तसं. काल मला बाजूला घेऊन आपुलकीने म्हणाला, "तुमचं कौतुक वाटतं. दर आठवड्याला एवढ्या लांबून येता. विमानाने येता की रात्रभर गाडीने?"

बाबा आमच्याकडेच बघत होते.

तुझं ते ऐकतात. त्यांना एकदा लिही. त्यांना सांग की मी वीस मिनिटांवर राहतो.

दादा